पुणे-पंढरपूर-वाई-पुणे, दोन सायकली, दहा दिवस: सगळे विचारतात ते प्रश्न

फाल्गुनात मी आणि माझा नवरा सायकलवर पुण्यातनं निघालो, सासवड, जेजुरी, फलटण, माळशिरस करत पंढरपूरला गेलो आणि मग म्हसवड, गोंदवलं, सातारा, वाई, भोर अशी गोल चक्कर मारून दहाव्या दिवशी घरी आलो. तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात, परवा तर एका मुंजीत जेवताना पण तेच तेच प्रश्न येतायत, आणि ज्यांना खरंच जायचंय त्यांना घाईघाईत अर्धवट सांगितलं की मला नंतर चुटपुट लागते, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढलंय.

वय काय तुमचं? आधीपासून सायकल चालवायची सवय होती का?

मी ४७, नवरा ५१. दोघंही शाळेत सायकलवर जाणारे, नंतर वीस-पंचवीस वर्षं दुचाकीवाले झालो, चार वर्षांपूर्वी परत सायकली घेतल्या. रविवारी खडकवासला, कधी सिंहगडाचा पायथा, एवढंच. खास तयारी म्हणाल तर तीन महिने केली, आणि त्यातली सगळ्यात उपयोगाची कुठली तर शनिवार-रविवार लागोपाठ ५०-५० किलोमीटर चालवणं. एका दिवसात १०० मारून सोमवारी झोपून राहिलात तर त्यातनं काही कळत नाही, कारण खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर परत बसायचं तेव्हा येतो.

एकूण किती किलोमीटर झाले? रोजचे किती?

आमच्या मीटरवर ५०० च्या थोडं वर. पहिला दिवस पुणे ते जेजुरी, दुसरा जेजुरी ते फलटण, तिसरा माळशिरस, चौथा पंढरपूर, पाचवा दिवस पंढरपुरातच थांबलो, सहावा गोंदवलं, सातवा सातारा, आठवा वाई, नववा भोर आणि दहावा घर. बहुतेक दिवस ५० ते ६०, गोंदवल्याचा दिवस सगळ्यात मोठा, ८० च्या आसपास, आणि सातारा-वाई मुद्दाम सगळ्यात छोटा ठेवला.

फक्त ५०? आमच्या ग्रुपमधली मुलं पंढरपूर एका दिवसात करतात.

करतात, आणि ते मनापासून भारी आहे, पण आमचं ठरलंच होतं की गावं बघायची. ५० किलोमीटर म्हणजे सकाळी सहाला निघालं की चहा, नाश्ता, दोनतीनदा रसवंती धरून साडेदहा-अकरापर्यंत मुक्कामाचं गाव येतं, आणि मग अख्खी दुपार-संध्याकाळ त्या गावात. फलटणला आम्ही चार वाजता चालत बाहेर पडलो, निंबाळकरांचा राजवाडा, शेजारचं राममंदिर, महाराणी सईबाईंचं हे माहेर, हे सगळं शाळेत वाचलेलं असतं, पण त्या राममंदिराच्या आवारात तासभर नुसतं बसलं की तिथं संध्याकाळी कोण येतं, कुठल्या आज्या कुठल्या पायरीवर बसतात हे दिसतं. लोणंदला कांद्याच्या बाजाराचा वास गावाच्या आधी येतो. १०० किलोमीटरच्या हिशोबानं गेलो असतो तर फलटण हा आमच्यासाठी पाणी भरायचा थांबा झाला असता. आणि दोघांनी मिळून जायचं तर हे अंतर दोघांनाही झेपणारं पाहिजे, एकाला सहज आणि दुसऱ्याला मरमर असं नको. माझा सगळ्यात मोठा सल्ला हाच आहे, दुपार रिकामी ठेवा, बाकी सगळं पुढंमागं चालतं.

वसंतातच का? थंडीत जास्त बरं नाही का?

थंडीत चालवायला सोपं आहे हे खरं. पण फाल्गुनातला माळ वेगळाच असतो, सासवड सोडलं की पळस पेटलेला, पांगारा, काटेसावर, आंब्याला मोहर, आणि कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी. पुरंदरच्या अंजिराचा मीठा बहार पण याच दिवसांत येतो, जेजुरीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बायका पाटी घेऊन बसलेल्या असतात, त्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण झाडावरनं सकाळी उतरवलेलं अंजीर तिथंच उभं राहून खाल्लं की पुण्यातल्या डब्यातल्या अंजिरावर जीव जात नाही.

आम्ही रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, नाथषष्ठीला निघालो आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी परत. याच्यापुढं ढकलू नका असं मी सांगेन, कारण सोलापूरच्या बाजूला चैत्रात ऊन चढतं ते सोसत नाही. हां, चैत्रातच जायची हौस असेल तर एक गोष्ट मात्र बघायला मिळेल, शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाच्या कावडी. सासवडहून भुतोजी तेल्यांची मानाची कावड निघते आणि चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटातनं माणसं ती खांद्यावर, हातांवर, दोराच्या आधारानं चढवतात. आम्ही तेव्हा घरी होतो, आणि ती हळहळ मला अजून आहे.

रस्ता कुठला घेतला? हायवे आहे का?

जाताना बोपदेव घाटानं सासवड, आणि तिथनं पुढं थेट ज्ञानोबांच्या पालखीचाच रस्ता. सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. ज्यांच्या घरात वारी आहे त्यांना ही नावं पाठ असतात, माझ्या सासूबाईंनी तर मी सांगायच्या आधीच सगळे मुक्काम क्रमानं म्हणून दाखवले आणि तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब आला की थांबून नमस्कार करा, तिथं पहिलं उभं रिंगण होतं, हेही बजावलं. थांबलो. फाल्गुनात तिथं कुणी नसतं, एक म्हातारा शेळ्या घेऊन बसलेला, त्यानंच विचारलं, "आत्ताच निघालात काय वारीला?"

हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ झालाय, चौपदरी, मधे दुभाजक, कडेला भरपूर जागा. सायकलला सुरक्षित आहे आणि पळते पण छान. पण सावली गेली. आमचे सासरे सांगतात ती दोन्ही बाजूंची वडाची झाडं कितीतरी ठिकाणी आता नाहीत, नवी लावलेली अजून कमरेएवढी, त्यामुळं नऊनंतर टेकायला सावली कुठली तर एसटीचा निवारा किंवा पुलाखाली. रस्ता चांगला झाला याचा आनंद आहे, पण याच रस्त्यानं लाखो माणसं चालत जातात, त्यांच्या डोक्यावरची झाडं गेली याचं मला खरंच वाईट वाटलं. जिथं जुना रस्ता गावातनं जातो तिथं बायपास सोडून गावातनं जा, दोन किलोमीटर जास्त पडतात पण चहा आणि सावली दोन्ही मिळतं.

येताना पंढरपूर, पिलीव, म्हसवड, गोंदवलं, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, सातारा. मग वाई. वाईपासून पुढं सगळे विचारतात की खंबाटकी कसा केला, तर केलाच नाही. पुण्याकडे येताना तिथं बोगदा लागतो आणि ट्रकच्या गर्दीत त्या बोगद्यात सायकल घालायची माझी तयारी नव्हती. आम्ही वाईहून मांढरदेवीचा घाट चढून पलीकडं भोरला उतरलो, आणि भोरहून कापूरहोळ, नारायणपूर करत परत सासवडला येऊन मिळालो. मुंबई-बंगळूर हायवे आम्हाला जवळजवळ फक्त ओलांडण्यापुरता लागला.

घाट किती? मला चढ जमत नाहीत.

बोपदेव छोटा आहे पण अंगावर येतो, सकाळी लवकर गेलात तर निभतो. दिवे घाटानं जायचं असेल तर आधी चौकशी करा, तिथं रुंदीकरण निघालंय. जेजुरीपासून पंढरपूर म्हणजे सपाट आणि हळूहळू उतारच, पुणे साधारण ५६० मीटरवर आणि पंढरपूर ४५० च्या आसपास.

जे उतरलो ते येताना चढावं लागलं, आणि त्याहून जास्त. माणदेश म्हणजे लांबच लांब, न संपणारा चढ, दिसत नाही पण पाय सांगतात. मांढरदेव हा एकमेव खरा घाट. तो आम्ही पावणेसहाला वाईतनं निघून केला, सगळ्यात खालचा गिअर, दर वळणाला थांबायचं, दोन ठिकाणी उतरून सायकल ढकलली. ढकलण्यात काहीच कमीपणा नाही. वर काळूबाईच्या डोंगरावरनं मागं वळून बघितलं तर वाईची कृष्णा आणि धोम धरणाचं पाणी सकाळच्या धुक्यात, आणि मग भोरच्या बाजूचा तो उतार, ब्रेक तपासूनच सोडा.

वाऱ्याचा त्रास होतो का?

उन्हापेक्षा जास्त होतो आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. या दिवसांत सकाळी वारा पडलेला असतो, अकरा-बारानंतर पश्चिमेकडनं सुटतो तो संध्याकाळपर्यंत. जाताना आपण पूर्वेला चाललेलो असतो त्यामुळं कळतच नाही, उलट वाटतं की आपण काय मस्त चालवतोय. येताना तोच वारा तोंडावर, आणि खाली तो न दिसणारा चढ. म्हणून परतीचे दिवस पहाटे साडेपाचला सुरू करा, पुढं-मागं दिवे लावून, आणि बारानंतर हट्ट करू नका.

सगळ्यात भीती कशाची वाटली?

उसाच्या ट्रॉल्यांची. कुत्र्यांची नाही, चोरांची नाही. मार्चपर्यंत कारखान्यांचा हंगाम चालू असतो आणि फलटण, माळशिरस, वेळापूर या पट्ट्यात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्याखाली झाकलेला. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही आणि मोठ्या आवाजात गाणी लावलेली असतात त्यामुळं घंटी ऐकू जाणं शक्यच नाही. आमचा नियम असा, समोरनं किंवा मागनं ट्रॉली आली की डांबर सोडून सरळ खाली उतरायचं, पाय टेकायचा, ती पूर्ण गेली की मगच परत. वेळ जातो, जाऊ दे.

माळशिरसच्या अलीकडे एका सकाळी ऊसतोड करणाऱ्यांच्या गाड्या भेटल्या, हंगाम संपवून गावी निघालेल्या, बैलगाडीत भांडी, कोंबड्यांची खुराडी, वर झोपलेली पोरं, आणि एक मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. तिनं माझ्या हेल्मेटकडं बोट दाखवून आईला काहीतरी विचारलं, आई हसली, आणि मग बराच वेळ त्यांचे बैल आणि आम्ही जवळजवळ एकाच वेगानं चाललो होतो. चार महिन्यांची शाळा बुडवून ते दप्तर तसंच परत चाललं होतं का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

सायकल कुठली लागते? महागडीच पाहिजे का?

आमच्या साध्या हायब्रिड आहेत, गिअरवाल्या, टायर जरा जाड. रेसिंगच्या बारीक टायरवर माणदेशात हाल होतील. मागं घट्ट कॅरिअर पाहिजे, बॅग पाठीवर घेऊ नका, घामानं पाठ सोलते. आमचं सामान प्रत्येकी सहा-सात किलो.

ब्रँडपेक्षा सीटची उंची आणि हँडलचं अंतर तुमच्या अंगाला बसणं महत्त्वाचं, निघायच्या महिनाभर आधी दुकानात जाऊन नीट बसवून घ्या, आदल्या दिवशी नको.

पंक्चर झाली तर?

तर नाही, होतेच. आमच्या दोघांच्या मिळून पाच झाल्या, त्यातल्या चार वेड्या बाभळीच्या काट्यानं. रस्त्याच्या कडेला सावलीला सायकल घेतली की संपलं, सावली बाभळीचीच असते. सायकल डांबरावर किंवा सिमेंटवरच उभी करायची, हे पहिल्या दिवशी शिकलो.

दुसरं जे शिकलो ते वाल्ह्याच्या पुढं. मागची ट्यूब बदलली, हवा भरली, दोनशे मीटरवर परत खाली. काटा ट्यूबमधनं निघाला होता पण त्याचं टोक टायरच्या आत तसंच अडकलेलं, बाहेरनं काही दिसत नाही, रबराचाच रंग. आता आम्ही टायर पूर्ण काढतो, आतनं ओढणीचं टोक हळूहळू फिरवतो, कापूस पण चालतो, काटा असेल तिथं धागा अडकतो. मग नेलकटरच्या टोकानं किंवा भुवयांच्या चिमट्यानं ते टोक आतल्या बाजूनं ओढून काढायचं. तो काळपट, तिळाएवढा तुकडा तळहातावर घेऊन बघितला तेव्हा विश्वास बसेना की एवढ्याशानं दोघांची सकाळ गेली.

आणि व्हॉल्व. तुमच्या ट्यूबला बारीक, लांब व्हॉल्व असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्याला बसत नाही, त्याच्याकडं मोटरसायकलच्या जाड व्हॉल्वचं नोझल असतं. छोटा अॅडॉप्टर मिळतो, वीस-तीस रुपयांची वस्तू, दोन घेऊन ठेवा. बाकी गावातले पंक्चरवाले हातात कला असलेले लोक आहेत, नातेपुत्यात एका काकांनी माझी चेन बघून न विचारता स्वच्छ केली, ऑइल घातलं, आणि पैसे द्यायला गेले तर म्हणाले, "ताई, माउलीच्या रस्त्यानं चाललाय, राहू द्या."

दहा दिवस एकत्र, भांडणं झाली का?

एकदा, मोठं. पिलीव ते म्हसवड. वारा तोंडावर, पाणी संपत आलेलं, मी मागं पडले आणि नवरा त्याच्या तंद्रीत पुढं निघून गेला, दोनेक किलोमीटर तरी. तेवढ्यात माझी पुढची ट्यूब बसली. पंप त्याच्याकडं, जादा ट्यूब त्याच्याकडं, फोनला रेंज नाही. मी सायकल ढकलत चालत राहिले, पाऊण तास, आणि त्या पाऊण तासात मला रडू पण आलं आणि राग पण. तो परत मागं आला तेव्हा मी बोललेच नाही. म्हसवडपर्यंत आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही, सिद्धनाथाच्या देवळात गेलो, बसलो, आणि तिथं तो म्हणाला की माझं चुकलं, मला वाटलं तू दिसतेयस मागं, ती दुसरीच कुणीतरी होती.

त्यानंतर तीन गोष्टी पक्क्या केल्या. प्रत्येकाकडं स्वतःचा पंप, स्वतःची ट्यूब, स्वतःचं पाणी, बॅगेचे वाटे कपड्यांनुसार नाही तर असे करायचे. दुसरं, पुढं तो राहील ज्याचा त्या वेळी वेग कमी आहे. सपाटीवर तो वेगानं जातो, चढाला मी, त्यामुळं दिवसभरात दोघांची पाळी येते. आणि तिसरं, घंटीची भाषा, कारण वाऱ्यात हाक ऐकू येत नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे मागनं गाडी, तीन म्हणजे चहा. घरी आल्यावर पण परवा स्वयंपाकघरातनं त्यानं ताटावर तीनदा चमचा वाजवला.

मुक्काम कुठं केला? आधी बुकिंग लागतं का?

जेजुरी आणि पंढरपूर सोडून कुठंच आधी केलं नाही. तालुक्याच्या गावाला लॉज असतोच, एसटी स्टँडजवळ बघायचा नाही, गोंगाट असतो, बाजारपेठेच्या मागच्या बाजूला बघा. दोघांची आधारकार्डं लागतात, मूळ कार्डं जवळ ठेवा. पहिला प्रश्न खोलीचा नाही, सायकलींचा विचारा. एका लॉजवाल्यानं पैसे घेऊन झाल्यावर सांगितलं की सायकली रस्त्यावरच लावाव्या लागतील, आणि मग तासभर वाद घालून जिन्याखाली जागा मिळाली. तळमजल्यावरची खोली मागा, निम्मे प्रश्न मिटतात.

गोंदवल्याला महाराजांच्या समाधी मंदिरात भक्तनिवासात राहिलो, साधी, स्वच्छ खोली, आणि दोन्ही वेळचा प्रसाद, कुठली जात, कुठलं गाव, काही न विचारता पंगतीत बसवतात. दिवसभर वाऱ्याशी झगडून आल्यावर त्या पंगतीतला गरम भात आणि आमटी, मी तीनदा वाढून घेतला.

कॅलेंडर बघून जा. रविवारी जेजुरी टाळा, एकादशीच्या आदल्या रात्री पंढरपूर टाळा. आम्ही दशमीला तिथं होतो आणि एकादशीला पहाटे बाहेर पडलो तेव्हा समोरनं माणसांचे, जीपचे लोंढे येत होते.

बायकांची सोय? खरं सांगा.

खरं सांगते, हाच सगळ्यात अवघड भाग आहे. नव्या रस्त्यावर पेट्रोल पंप बऱ्यापैकी आहेत, तिथं हक्कानं विचारायचं, लाजायचं नाही, बंद असेल तर किल्ली मागायची. पण पिलीव ते म्हसवड आणि दहिवडी ते पुसेगाव पट्ट्यात फार काही नाही. मी वाटेतल्या घरांत विचारलं, प्रत्येक वेळी बाईमाणसानं आत नेलं, हातपाय धुवायला पाणी दिलं आणि चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. पाणी कमी पिऊन वेळ मारून न्यायची सवय आपल्याला सगळ्यांना असते, उन्हात सायकलवर ती अजिबात नको, मला तिसऱ्या दिवशी डोकं ठणकलं ते त्यानंच. पाळी आली तर काय, तर मला आली, साताऱ्यात, म्हणून वाईचा दिवस छोटा असल्याचा फायदा झाला. सुती कपडे, जादा दोन जोड, आणि त्या दिवशी कुणाचं ऐकून अंतर वाढवू नका.

खायचं काय?

निघताना चहा आणि दोन केळी, आठच्या सुमाराला भरपेट पोहे किंवा मिसळ, मग दर तासाला काहीतरी तोंडात, चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज लांबनं आला की थांबायचंच, फक्त बर्फ नको म्हणायचं. ताक, लिंबूसरबत, आणि दिवसातनं एकदा ओआरएस. जड जेवण मुक्कामाला पोचल्यावरच. म्हसवड, दहिवडीकडं बाजरीची भाकरी, ठेचा आणि मटकीची आमटी, साताऱ्यात कंदी पेढे, कोरेगावात वाघ्या घेवडा घ्यावासा वाटला तर एक किलोच्या वर घेऊ नका, चढ पुढं आहे.

पंढरपुरात दिवसभर काय केलं?

पहाटे दर्शन, मग चंद्रभागेच्या वाळवंटात चालत गेलो, पाणी कमीच होतं. दुपारी एका बोळातनं साखरेच्या पाकाचा वास आला म्हणून वळलो तर पाडव्याच्या गाठी करायचं काम चाललेलं. एक आजोबा लाकडी साच्यांची रांग मांडून बसले होते, साचा दोन फळ्यांचा, घट्ट दाबलेला, आतनं दोरा आधीच घातलेला. त्यांचा मुलगा कढईतनं पाक घ्यायचा आणि एका धारेत साच्याच्या भोकांत सोडायचा, थेंब बाहेर नाही. पाच-सात मिनिटं थांबून फळ्या उघडल्या की पांढरीशुभ्र पदकं दोऱ्यात ओवलेली बाहेर. आजोबांनी साच्यावर नुसती बोटं टेकवून सांगितलं, अजून नाही. परत टेकवली, आता उघड. मी विचारलं कसं कळतं, तर म्हणाले, "ऊब उतरली की हाताला समजतं." आम्ही एक गाठी घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी दिली आणि सायकलवर नेणार म्हटल्यावर परत घेऊन अजून दोन कागद गुंडाळले.

वाईत एवढा वेळ का काढला?

कारण वाई. घाटांवर बसायचं, कृष्णेत पाय सोडायचे, रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती, आणि तीनेक किलोमीटरवर मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची ती पोर्तुगीज घंटा, वसईच्या मोहिमेतनं आलेली. आणि मला एक गोष्ट मनापासून बघायची होती, मराठी विश्वकोशाचं कार्यालय. १९६० मध्ये राज्याचं साहित्य संस्कृती मंडळ झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष, त्या मंडळानंच विश्वकोशाचं काम हाती घेतलं, आणि जगभरचं ज्ञान मराठीत आणायचं एवढं मोठं काम मुंबई-पुण्यात नाही, या गावात बसून झालं. बाबांच्या कपाटात ते जाडजूड खंड होते. मी दारासमोर सायकल लावून नुसती उभी राहिले थोडा वेळ.

मध्येच सोडायची वेळ आली तर?

जेजुरी, नीरा, लोणंद, कोरेगाव, सातारा ही सगळी पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहेत. माळशिरस किंवा माणदेशात अडकलात तर भाजीचा, चाऱ्याचा टेम्पो बघा, लोक नाही म्हणत नाहीत.

खर्च किती?

दोघांचा मिळून साधारण १७ हजार, त्यातले निम्म्याहून जास्त लॉजचे. तयारीचा खर्च वेगळा.

लोक काय म्हणाले वाटेत?

"कुठनं आला?" पुणं म्हटलं की "सायकलवर?" आणि मग लगेच "दोघंच?" हा तिसरा प्रश्न बहुतेक बायका विचारायच्या. दहिवडीच्या पुढं एका टपरीवर माझ्याच वयाच्या वहिनी होत्या, चहा ओतता ओतता म्हणाल्या, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आम्ही दोघं मिळून कुठं गेलो ते एकदा तुळजापूरला, ते पण सगळी जाऊ-दीर बरोबर. मग माझ्या सायकलचं सीट हातानं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, एक चक्कर मारू का? नऊवारी नव्हती, पाचवारीच होती, पदर खोचला आणि टपरीपासून शाळेच्या कमानीपर्यंत जाऊन आल्या. शाळेत असताना चालवायच्या, विसरल्या नव्हत्या. त्यांचे मिस्टर टपरीतनं बाहेर येऊन बघत उभे होते.

गाठी घरापर्यंत नीट पोचली का?

हे फक्त सासूबाईंनी विचारलं. पाच दिवस हँडलच्या बॅगेत होती, मांढरदेवच्या उतारावर दोन पदकं तुटली, दोरा मात्र शाबूत. अमावास्येला संध्याकाळी बोपदेव उतरून घरी आलो, सकाळी तीच गाठी गुढीला बांधली, आणि तुटलेल्या दोन पदकांपैकी एक त्यानं खाल्लं, एक मी.